रिकॉलचा पैसा कोणत्या खात्यात मांडायचा?

पुण्यात जन्मलेल्या आणि मुंबईत वाढलेल्या क्षमा सावंत यांना सिएटलच्या नगर परिषदेतून मुदत संपण्याआधीच घरी पाठवायचे की नाही, यावर ७ डिसेंबर २०२१ रोजी त्या शहराच्या तिसऱ्या प्रभागात मतदान झाले. सुमारे एक्केचाळीस हजार मते पडली आणि सावंत अवघ्या ३१० मतांनी टिकल्या. दीडशेहून थोड्या अधिक मतदारांनी कौल फिरवला असता, तर फेब्रुवारी २०२३ मध्ये सिएटलने केलेला आणि आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत गाजलेला जातिभेदविरोधी कायदा मांडायला सावंत सभागृहातच नसत्या. सावंतांचे राजकारण योग्य की अयोग्य, हा या लेखाचा विषय नाही. त्यांना परत बोलावण्याची, म्हणजे रिकॉलची, ही लढाई न्यायालयात सुमारे आठ महिने आणि रस्त्यावर आणखी आठ महिने चालली. तिच्यातून आणि तिच्या दहा वर्षे आधी शेजारच्याच एका जिल्ह्यात झालेल्या खटल्यातून निवडणूक निधीच्या कायद्यातले एक भगदाड स्पष्ट दिसते, आणि ते कसे बुजवावे याबद्दल मला काही सांगायचे आहे.

निवडणूक निधीचे बहुतेक कायदे उमेदवार नावाच्या माणसाभोवती रचलेले असतात. त्याला कोणी किती द्यावे, त्याने किती खर्चावे, हिशेब कधी द्यावा, हे सारे तो उमेदवार आहे या गृहीतकावर उभे असते. रिकॉलच्या मतदानात मतपत्रिकेवर एका माणसाचे नाव असते, पण तो उमेदवार नसतो. तो आधीच निवडून आलेला पदाधिकारी असतो. त्याच्या विरोधात उभा राहिलेला तर कोणीच नसतो. असते ती एक समिती, सह्यांचे कागद आणि ‘होय’ की ‘नाही’ हा प्रश्न. मग या समितीला दिलेला डॉलर उमेदवाराला दिलेला मानायचा, की सार्वमताच्या एखाद्या प्रश्नावर खर्च केलेला? अमेरिकी न्यायालयांना हा पेच गेली काही दशके पडलेला आहे आणि त्यांनी दिलेले उत्तर मला अर्धेच बरोबर वाटते.

आधी सिएटल ज्या राज्यात आहे त्या वॉशिंग्टन राज्यातली पद्धत समजून घ्यायला हवी, कारण ती इतर बऱ्याच राज्यांहून वेगळी आहे. सिएटल शहराने १९०६ मध्येच आपल्या सनदेत रिकॉलची तरतूद केली होती. १९११ मध्ये महापौर हायरम गिल यांना जुगार आणि वेश्याव्यवसायाला आश्रय दिल्याच्या कारणावरून मतदारांनी काढून टाकले. त्याच्या काही महिने आधीच त्या राज्यात स्त्रियांना मताधिकार मिळाला होता आणि गिल यांच्या पराभवात त्या मतांचा मोठा हात होता. (तीन वर्षांनी हेच गिल पुन्हा महापौर म्हणून निवडून आले, मतदारांच्या रागाला किती आयुष्य असते, याचा हा पुरावा रिकॉलच्या उत्साही पुरस्कर्त्यांनी जवळ बाळगावा.) १९१२ मध्ये राज्यघटनेतच रिकॉलचा हक्क आला, पण अटीसह. पदाधिकारी नावडता झाला एवढे पुरत नाही. पदाचा गैरवापर, कर्तव्यातील गैरकृत्य किंवा शपथेचा भंग असा आरोप हवा. पुढे विधिमंडळाने अशी तरतूद केली की सह्या गोळा करण्याआधी हा आरोप न्यायाधीशासमोर ठेवायचा. न्यायाधीश आरोप खरा की खोटा हे ठरवत नाही. आरोप खरा धरला तर तो रिकॉलला पुरेसा आहे का आणि त्यामागे नेमकी माहिती आहे का, एवढेच तो पाहतो. त्यानंतरच सह्यांची मुदत सुरू होते. स्थानिक पदाधिकाऱ्यांसाठी ती १८० दिवसांची असते आणि सिएटलसारख्या शहरात त्या पदासाठी मागच्या निवडणुकीत पडलेल्या मतांच्या २५ टक्के सह्या लागतात.

सावंतांच्या बाबतीत अर्ज ऑगस्ट २०२० मध्ये दाखल झाला. किंग काउंटीच्या न्यायाधीशांनी सहापैकी चार आरोप पुढे जाऊ दिले. सावंतांनी अपील केले आणि १ एप्रिल २०२१ रोजी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने चारपैकी तीन आरोप ग्राह्य धरले. ॲमेझॉनसारख्या बड्या कंपन्यांवर कर लावण्याच्या प्रस्तावासाठी महापालिकेची साधने वापरली. कोविडमुळे जनतेला बंद असलेल्या महापालिका भवनाचे दार जून २०२० मधल्या एका रात्री शेकडो निदर्शकांसाठी उघडले. आणि महापौर जेनी डर्कन यांच्या घरावर मोर्चा नेला, ज्या घराचा पत्ता राज्याच्या कायद्याने गोपनीय ठेवलेला होता, असे हे तीन आरोप होते. कर्मचाऱ्यांच्या नेमणुकीचे निर्णय आपल्या पक्षसंघटनेवर सोपवले, हा चौथा आरोप न्यायालयाने फेटाळला. मोर्चा आपण काढलाच नव्हता आणि पत्ता आपल्याला ठाऊक नव्हता, असे सावंतांचे म्हणणे होते. त्याचा निवाडा मतदारांनी करावा, अशी न्यायालयाची भूमिका राहिली. त्याच न्यायालयाने सहा महिने आधी, ऑक्टोबर २०२० मध्ये, खुद्द महापौर डर्कन यांच्याविरुद्धचा रिकॉल अर्ज एकमताने निकाली काढला होता. निदर्शकांवर पोलिसांनी अश्रुधूर सोडला याबद्दल तो होता, आणि खालच्या न्यायालयाने त्यातला एक आरोप पुढे जाऊ दिलेला असतानाही सर्वोच्च न्यायालयाने तो थांबवला. डाव्या नगरसेविकेला मतदाराकडे पाठवले आणि महापौरांना सोडले, अशी टीका तेव्हा झाली. तिच्यात तथ्य असेल-नसेल. पण न्यायालय खरोखर चाळणी लावते, दारावरचा शिक्का नुसता उमटवत नाही, एवढे या दोन निकालांतून दिसते.

या चाळणीचा एक परिणाम असा, की वॉशिंग्टनमध्ये रिकॉलचा पहिला मोठा खर्च वकिलावर होतो. सह्या गोळा करणाऱ्यांचे पैसे, जाहिराती, पत्रके हे सारे नंतरचे. आधी अर्ज कायद्याच्या भाषेत बसवावा लागतो, सुनावणीत उभे राहावे लागते, मग अपिलात. सामान्य मतदाराला हे वकिलाशिवाय पेलणारे नाही. या साध्या वस्तुस्थितीवर निधीचा कायदा येऊन आदळला तो पियर्स काउंटीत, म्हणजे टकोमा शहराच्या जिल्ह्यात.

तिथले कर आकारणी अधिकारी आणि खजिनदार डेल वॉशम २००८ मध्ये निवडून आले होते. कर्मचाऱ्यांचा छळ आणि सूडबुद्धीने वागणे अशा तक्रारींवरून २०१० मध्ये त्यांच्याविरुद्ध रिकॉलची समिती उभी राहिली. रॉबिन फॅरिस यांनी तिचे नेतृत्व केले आणि स्थानिक वकिलांच्या एका छोट्या संस्थेने तिचे काम विनामूल्य केले. राज्याच्या कायद्यानुसार रिकॉल समितीला कोणीही ८०० डॉलरपेक्षा अधिक देऊ शकत नव्हते. निधीवर देखरेख करणाऱ्या आयोगाचे म्हणणे पडले की फुकट केलेले वकिली काम हीसुद्धा देणगीच. तिची बाजारभावाने किंमत धरायची आणि ८०० डॉलरच्या वर गेली की कायद्याचा भंग. न्यायालयात गेल्याशिवाय रिकॉल करता येत नाही असा कायदा एकीकडे, आणि न्यायालयात जायला जे लागते ते ८०० डॉलरच्या वर घेता येत नाही असा कायदा दुसरीकडे. टकोमा भागात तासाला वकिलाचे जे दर असतात ते पाहता ८०० डॉलरमध्ये अर्जाचा मसुदासुद्धा नीट तयार झाला नसता.

समितीने मर्यादेलाच आव्हान दिले. जुलै २०११ मध्ये संघीय जिल्हा न्यायालयाने आणि जानेवारी २०१२ मध्ये नवव्या सर्किटच्या, म्हणजे पश्चिमेकडील राज्यांसाठीच्या, संघीय अपील न्यायालयाने समितीच्या बाजूने अंतरिम मनाई दिली. हा निकाल ‘फॅरिस विरुद्ध सीब्रुक’ या नावाने ओळखला जातो. त्याचा तर्क असा होता: देणगीवर मर्यादा घालायला अमेरिकी राज्यघटनेखाली एकच भक्कम कारण चालते, ते म्हणजे देवाणघेवाणीचा भ्रष्टाचार किंवा त्याचा आभास टाळणे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९७६ च्या बकली निकालापासून हे चालत आले आहे आणि २०१० च्या सिटिझन्स युनायटेड निकालाने ते आणखी घट्ट केले. रिकॉल समितीला दिलेले पैसे कोणत्याही उमेदवाराच्या हाती जात नाहीत. वॉशिंग्टनमध्ये तर रिकॉल यशस्वी झाला तरी त्याच मतपत्रिकेवर नवा पदाधिकारी निवडला जात नाही. रिकामी जागा नेमणुकीने भरली जाते. मग लाच कोणी कोणाला दिली? राज्याला याचे समाधानकारक उत्तर देता आले नाही आणि पुरावा तर त्याहून नाही. याच न्यायालयाने २००७ मध्ये सॅन डिएगो शहराच्या २५० डॉलरच्या मर्यादेबद्दलही असाच सूर लावला होता. सह्या गोळा करण्याच्या टप्प्यावर ही मर्यादा का हवी, हे केवळ ‘असे होऊ शकते’ म्हणून चालणार नाही, काही पुरावा दाखवा, असे बजावून ते प्रकरण त्याने परत पाठवले.

फॅरिस यांच्या बाजूने निकाल लागला याचा मला आनंदच आहे. पण त्यामागच्या तर्काचा दुसरा पाय लंगडा आहे. उमेदवार नाही म्हणजे भ्रष्टाचार नाही, हे सार्वमताच्या प्रश्नाबाबत ठीक. १९७८ च्या बेलोट्टी निकालात आणि १९८१ मध्ये बर्कली शहराच्या भाडेनियंत्रणाच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हेच म्हटले: करप्रस्तावाला किंवा भाड्याच्या नियमाला कोणी लाच देऊ शकत नाही. रिकॉलचा विषय मात्र हाडामांसाचा, पदावर बसलेला, उद्याच्या बैठकीत मत देणारा माणूस असतो. त्याला पैशाने विकत घेता येत नसेल, पण पैशाने घाबरवता येते. एखाद्या बिल्डरने नगरसेवकाला नुसते सुचवले, की या भूखंडाचा ठराव असाच झाला तर पुढल्या महिन्यात सह्यांची टेबले लागतील आणि त्यांचा खर्च मी उचलेन, तर एक पैसा न देता ठराव बदलू शकतो. अशी धमकी कोणत्याही हिशेबात दिसत नाही आणि कोणत्याही मर्यादेत मोजली जात नाही. न्यायालयाने भ्रष्टाचाराचे एकच रूप पाहिले, पैसे हातात पडण्याचे. पैशाचा धाक दाखवण्याचे रूप त्याच्या नजरेतून सुटले.

त्याहून मोठी गोष्ट अशी, की बचावाच्या बाजूला तर जुन्या अर्थाचा भ्रष्टाचारही पूर्ण शक्य आहे. रिकॉलला तोंड देणारा पदाधिकारी जेव्हा स्वतःच्या बचावासाठी निधी गोळा करतो, तेव्हा तो पैसा थेट त्याच्यासाठीच असतो, आणि तो त्या वेळी सत्तेत असतो. त्याच्याकडे परवाने, कंत्राटे, करसवलतींचे अर्ज पडलेले असतात. मर्यादेचे समर्थन करता येते ते इथे, आव्हान देणाऱ्यापेक्षा कितीतरी जोरकसपणे. प्रत्यक्षात काय घडले? विस्कॉन्सिनच्या कायद्यात गव्हर्नरला एका देणगीदाराकडून एरवी दहा हजार डॉलरच घेता येत; पण रिकॉलचा अर्ज फिरू लागल्यापासून निवडणूक जाहीर होईपर्यंत पदाधिकाऱ्याला ती मर्यादाच लागू नव्हती. २०१२ मध्ये तिथले गव्हर्नर स्कॉट वॉकर यांनी सुमारे तीन कोटी डॉलर जमवले, त्यात एकेका माणसाने दिलेले लाखो डॉलर होते. त्यांचे प्रतिस्पर्धी टॉम बॅरेट यांना मर्यादेत राहून चाळीस लाखांच्या आसपास जमवता आले. कॅलिफोर्नियातही राज्यपातळीवरच्या पदाधिकाऱ्याला रिकॉलविरोधी समितीसाठी अमर्याद देणग्या घेता येतात. २०२१ मध्ये गव्हर्नर न्यूसम यांच्या समितीला नेटफ्लिक्सच्या प्रमुखांनी एकरकमी तीस लाख डॉलर दिले. वॉकर आणि न्यूसम दोघेही जिंकले. त्यांचा विजय पैशामुळेच झाला असे मी म्हणत नाही. न्यूसम तर जवळपास ६२ टक्के मतांनी टिकले, आणि पैसा कमी असता तरी ते टिकले असते. मुद्दा कायद्याच्या रचनेचा आहे. जिथे देवाणघेवाणीचा धोका सर्वांत अधिक, तिथे दार सताड उघडे. आणि जिथे तो सर्वांत कमी, त्या पियर्स काउंटीतल्या नागरिकांच्या समितीवर ८०० डॉलरची कडी.

आता सिएटलकडे परत येतो, कारण तिथे ही असमानता आणखी एका रूपात दिसते आणि ती माझ्या मते कमी चर्चिली गेली आहे. वॉशिंग्टनच्या कायद्यानुसार, आरोप पुरेसे आहेत की नाही या सुनावणीत स्थानिक पदाधिकाऱ्याच्या बचावाचा आवश्यक खर्च त्या स्थानिक संस्थेने उचलायचा असतो. अट एवढीच की पदाधिकाऱ्याने मागणी करावी आणि संस्थेचे सभागृह व तिचे वकील या दोघांनी मान्यता द्यावी. सिएटलच्या नगर परिषदेने सावंतांसाठी ती मान्यता २०२० मध्ये दिली. तत्त्व चुकीचे नाही. निवडून आलेल्या माणसावर कोणीही उठून आरोपपत्र ठोकावे आणि त्याने वकिलाचे पैसे घरातून भरावेत, तर गरीब माणसाने निवडणूक लढवूच नये. पण चित्र पूर्ण करून पाहा. एकाच सुनावणीत पदाधिकाऱ्याचा वकील करदात्यांच्या पैशावर उभा आहे, आणि फॅरिस निकाल लागला नसता तर अर्जदाराचा वकील फुकट उभा राहिल्याबद्दल दंडाला पात्र ठरला असता. ज्याच्या विरुद्ध तक्रार, त्याला सरकारी खर्चाने बचाव. जो तक्रार करतो, त्याने मदत घेतली तर ती मर्यादाभंग. इतका उघड विरोधाभास एका राज्याच्या दोन कायद्यांत वर्षानुवर्षे शेजारी नांदला, याचे कारण मला असे दिसते की निधीचा कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे प्रचारसभा आणि जाहिराती होत्या, न्यायालय नव्हते. रिकॉलमध्ये न्यायालय हा निवडणुकीचाच एक टप्पा आहे, हे त्यांनी लक्षातच घेतले नाही.

म्हणून माझे म्हणणे असे आहे. न्यायालयाच्या टप्प्यावरील वकिली मदत, मग ती फुकट असो वा सवलतीत, देणगीच्या मर्यादेतून पूर्णपणे बाहेर काढावी, पण तिची नोंद मात्र प्रत्येक वेळी व्हावी: कोणी केली, कोणासाठी, तासांचा हिशेब किती. आणि बचावाचा खर्च सार्वजनिक तिजोरीतून होत असेल तर त्याचा आकडाही त्याच नोंदवहीत, त्याच रकान्यात यावा. मतदाराला शेवटी दोन्ही बाजूंनी काय लागले हे एका ठिकाणी कळले पाहिजे.

याला उत्तर म्हणून कोणी विचारेल, की बड्या भांडवलाला रिकॉल म्हणजे हरलेल्या निवडणुकीचा दुसरा डाव नाही का? २०१९ मध्ये ॲमेझॉनने सिएटलच्या वाणिज्य मंडळाच्या राजकीय समितीला सुमारे साडेचौदा लाख डॉलर दिले, तरी सावंत निवडून आल्या. आणि दहा महिन्यांच्या आत त्यांच्याविरुद्ध रिकॉलचा अर्ज पडला. सावंतांचे समर्थक हेच म्हणत होते आणि त्यात नवल नाही. रिकॉलच्या मागे ॲमेझॉन होती असे मी म्हणणार नाही; तसे म्हणायला माझ्यापाशी आधार नाही. पण शंका बरोबर दिशेची आहे, आणि तिच्यावर देणगीच्या मर्यादेपेक्षा न्यायालयाची चाळणी अधिक गुणकारी आहे असे मला वाटते. पैशाने सह्या मिळतात. पैसे घेऊन सह्या गोळा करण्यावर बंदी घालता येत नाही, हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्येच कोलोरॅडोच्या एका खटल्यात ठरवून टाकले. म्हणजे पुरेसा खर्च केला तर कोणत्याही शहरात कोणत्याही नगरसेवकाविरुद्ध सह्यांची संख्या गाठता येते. पण पैशाने आरोप मिळत नाही. नगरसेवकाने कायदा मोडलाच नसेल तर कोट्यधीशालासुद्धा वॉशिंग्टनच्या न्यायाधीशासमोर कागद कोराच ठेवावा लागेल. सावंतांच्या बाबतीत तो कोरा नव्हता: महापालिकेची साधने प्रस्तावाच्या प्रचाराला वापरल्याबद्दल त्यांनी शहराच्या आचारनीती आयोगाशी तडजोड करून साडेतीन हजार डॉलरच्या आसपास दंड भरला होता. ही चूक पद गमावण्याइतकी होती का, हे मतदारांनी ठरवायचे होते, आणि त्यांनी ‘नाही’ असे ठरवले.

कॅलिफोर्नियात ही चाळणी नाही. तिथल्या राज्यघटनेतच लिहिले आहे की रिकॉलच्या कारणाचा पुरेसेपणा कोणालाही तपासता येणार नाही. सॅन फ्रान्सिस्कोचे निवडून आलेले जिल्हा सरकारी वकील चेसा बुडीन यांना जून २०२२ मध्ये सुमारे ५५ टक्के मतांनी काढले गेले. रिकॉलच्या बाजूने सत्तर लाख डॉलरहून अधिक खर्च झाला, बचावाच्या दुपटीहून जास्त. त्यांनी कोणता कायदा मोडला होता? कोणताच नाही, त्यांचे फौजदारी धोरण लोकांना पटले नाही. ओकलंडच्या महापौर शेंग थाओ पद घेतल्यावर दोन वर्षे पूर्ण व्हायच्या आत, नोव्हेंबर २०२४ मध्ये, काढल्या गेल्या आणि त्या मोहिमेच्या खर्चाचा मोठा भार एका हेज फंडातल्या व्यावसायिकाने उचलला. मतदारांना तो अधिकार आहे, हे मान्य. पण धोरण न पटणे हेच कारण पुरत असेल, तर रिकॉल ही दुसरी निवडणूकच झाली, आणि मग तिच्यावर निवडणुकीइतक्याच मर्यादा घालायला न्यायालयांनी हरकत घेऊ नये. फॅरिस निकाल वॉशिंग्टनच्या रचनेत शोभतो. तोच तर्क चाळणी नसलेल्या राज्यात नेला की पैशाला मोकळे रान मिळते. नवव्या सर्किटच्या कक्षेत दोन्ही राज्ये येतात, त्यामुळे हा फरक करण्याची जबाबदारीही त्याच न्यायालयावर येते.

चाळणीची किंमत वेळेत मोजावी लागते, हे मात्र कबूल करायला हवे. सावंतांच्या प्रकरणात ऑगस्टपासून एप्रिलपर्यंतचा काळ न्यायालयात गेला. त्यानंतर सह्यांच्या तारखांचे जे राजकारण झाले ते पाहण्यासारखे होते. मतदान नोव्हेंबरच्या नेहमीच्या निवडणुकीसोबत व्हावे, म्हणजे भाडेकरू आणि तरुण मतदार मोठ्या संख्येने येतील, म्हणून २०२१ च्या उन्हाळ्यात सावंतांच्या समर्थकांनीच त्यांच्याविरुद्धच्या अर्जावर सह्या गोळा करायला टेबले लावली. सिएटलच्या कॅपिटल हिल भागातल्या फुटपाथवर ‘सावंतांना वाचवा’ म्हणणारे कार्यकर्ते लोकांकडून सावंतांना काढण्याच्या कागदावर सही घेत होते. रिकॉलवाल्यांनी सह्या सप्टेंबरमध्ये दिल्या आणि मतदान डिसेंबरमध्ये, सणासुदीच्या तोंडावर, स्वतंत्रपणे झाले. तारीख कोणी निवडायची हे सह्या कधी द्यायच्या यावर अवलंबून ठेवणे, हा त्या कायद्यातला दोष आहे. सह्या मुदतीत केव्हाही येवोत, मतदान पुढच्या नियमित निवडणुकीसोबतच, असा साधा नियम केला तर खर्चही वाचेल आणि डावपेचही.

पैशाच्या नियमनात न्यायालयांनी आजवर जे हत्यार बोथट होऊ दिलेले नाही, ते प्रकटीकरणाचे, म्हणजे पैसा कोणी दिला हे उघड करायला लावण्याचे. सिटिझन्स युनायटेडमध्ये कंपन्यांच्या प्रचारखर्चावरची बंदी उडवणाऱ्या न्यायालयानेच आठ विरुद्ध एक अशा मतांनी प्रकटीकरण टिकवले, आणि त्याच वर्षी वॉशिंग्टनमधल्याच एका खटल्यात सार्वमताच्या अर्जावर सह्या करणाऱ्यांची नावे उघड करण्याचा नियमही तत्त्वतः मान्य केला. त्यामुळे मर्यादांच्या मागे लागून दर वेळी न्यायालयात हरण्यापेक्षा, प्रकटीकरणाची सुरुवात कुठून व्हावी याकडे विधिमंडळांनी लक्ष द्यावे. ती सह्यांच्या आधी, अर्जाचा पहिला मसुदा दाखल होताना व्हायला हवी. सही मागणाऱ्याच्या हातातल्या कागदावर, आरोपाच्या गोषवाऱ्याच्या खालीच, सर्वांत मोठ्या पाच देणगीदारांची नावे आणि रकमा छापलेल्या असाव्यात. धाकाचा पैसा मर्यादेने अडत नाही. पण धाक घालणाऱ्याचे नाव प्रत्येक सहीच्या कागदावर येणार असेल, तर तो निदान दोनदा विचार करेल.

आपल्याकडे प्रतिनिधी परत बोलावण्याच्या अधिकाराची मागणी जयप्रकाशांच्या आंदोलनापासून आहे आणि २०११ नंतर अण्णा हजारे यांनी ती पुन्हा जोरात मांडली. पण त्या चर्चेत पैशाचा मुद्दा क्वचितच आला. वस्तुतः स्थानिक पातळीवर हे हत्यार आपल्याकडे आहेच. मध्य प्रदेशात नगरपालिकेच्या थेट निवडून आलेल्या अध्यक्षाला तीन चतुर्थांश नगरसेवकांच्या प्रस्तावानंतर मतदार काढू शकतात. मतपत्रिकेवर भरलेली खुर्ची आणि रिकामी खुर्ची अशी दोन चिन्हे असतात, आणि २००१ मध्ये अनूपपूरच्या अध्यक्षांना लोकांनी याच मार्गाने पायउतार केले. महाराष्ट्रात थेट निवडून आलेल्या सरपंचाविरुद्ध तीन चतुर्थांश सदस्यांनी अविश्वास ठराव मंजूर केला, की त्याला ग्रामसभेने गुप्त मतदानाने मान्यता द्यायची, अशी तरतूद आहे. २०१७ ला आलेली थेट निवड २०२० ला गेली आणि २०२२ ला परत आली, तरी रचना तीच राहिली. इथे न्यायाधीशाच्या जागी सदस्य आहेत; चाळणी त्यांच्या हातात आहे. आणि ती चाळणी कशी चालते हे गावात सगळ्यांना ठाऊक असते. ठरावाच्या आधी सदस्य सहलीला जातात, कोणाच्या गाडीतून आणि कोणाच्या खर्चाने हे विचारायचे नसते, आणि मतदानाच्या दिवशी ते एकत्रच परततात.

सरपंचपदाची निवडणूक लढवणाऱ्या उमेदवाराने खर्चाचा हिशेब मुदतीत दिला नाही, तर राज्य निवडणूक आयोग त्याला अपात्र ठरवू शकतो. हा हिशेब निवडणुकीतल्या उमेदवाराचा आहे. ठरावाच्या वेळी उमेदवार नसतो, म्हणून त्या सहलीचा आणि ग्रामसभेच्या आदल्या रात्रीच्या जेवणावळीचा हिशेब मागायला जागाच उरत नाही. पियर्स काउंटीत जो प्रश्न ८०० डॉलरच्या रूपाने न्यायालयात गेला, तोच इथे कोणाच्याही दारात न जाता पडून आहे. त्याचे उत्तर मर्यादेत नाही, कारण रोख पैशाला मर्यादा समजत नाही. अविश्वास ठरावाची सूचना तहसीलदाराकडे देताना, सही करणाऱ्या प्रत्येक सदस्याने आणि ज्याच्याविरुद्ध ठराव आहे त्या सरपंचानेही, ग्रामसभेच्या मतदानानंतर ठरावीक मुदतीत प्रवास, मुक्काम, जेवण आणि वकील यांवर कोणी किती खर्च केला याचे शपथपत्र देण्याची अट अधिनियमात घालता येईल, आणि ते शपथपत्र चावडीवर लावता येईल. खोटी शपथपत्रे येतीलच. पण खोटे शपथपत्र हा कायद्याच्या पकडीत येणारा गुन्हा आहे, आणि आजची सहल त्या पकडीत कुठेच येत नाही.